तिसरी गारगोटी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील रतनलाल शेठच्या डाळ मिलमध्ये दररोज सायंकाळी एक विशिष्ट आवाज ऐकू येत असे. तो यंत्राचा नसे, भोंग्याचाही नसे. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात दगड पडल्याचा तो आवाज होता. पटांगणात तुरीचे जितके ढीग असत तितक्या वेळा तो उमटे आणि मग बाया पदराने तोंड पुसत घरी जावयास निघत.

ज्यांना डाळीच्या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगणे अगत्याचे आहे. तूर आधी रोल नावाच्या यंत्राच्या खरखरीत रुळावर घासली जाते, मग तिला तेलाचा हात लावला जातो आणि त्यानंतर तिला उन्हात पसरून तीन दिवस वाळवावे लागते. बाया अनवाणी पायांनी त्या तुरीत रेघा ओढत फिरतात, म्हणजे खालचा दाणा वर येतो. संध्याकाळी ढीग करून त्यावर ताडपत्री घालायची, सकाळी पुन्हा पसरायची. अशी तीन उन्हे झाली की तूर पाण्याला घ्यायची, म्हणजे भिजत घालायची, आणि मग चक्कीवर. एक ऊन कमी पडले तर टरफल सुटत नाही, दाणा चिरडतो, आणि डाळीच्या ठिकाणी चुरी हाती येते.

कोणत्या ढिगाला किती उन्हे मिळाली याची खूण म्हणून प्रत्येक ढिगाच्या डोक्याशी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा ठेवलेला असे. एक ऊन झाले की डब्यात एक गारगोटी टाकायची. तीन गारगोट्या झाल्या की हमालाने ढीग उचलायचा. पटांगणावरील एकाही बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि पाटीवर खडूने मारलेल्या रेघा पदर लागून पुसल्या जात, म्हणून ही युक्ती काढण्यात आली होती. ती काढली होती प्रमिलाबाईने. गारगोट्या आणल्या होत्या तिच्या मैत्रिणीने, कमलबाईने. कमलबाईचे माहेर भडगावचे. गिरणा नदीच्या पात्रातून तिने त्या पांढऱ्याशुभ्र गारगोट्या वेचल्या आणि लुगड्याच्या ओच्यात बांधून आणल्या, ही गोष्ट मिलमध्ये सर्वांना ठाऊक होती.

प्रमिलाबाई ही मिलचा मुकादम हिलाल उखर्डू याची पत्नी, आणि तीही पटांगणावरच कामाला होती. चौदा महिन्यांपूर्वी ती काविळीने वारली.

हिलालचे वय तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातून तो तरुणपणी जळगावला आला आणि हमालापासून चढत चढत मुकादम झाला. पत्नी गेल्यावर तिची रक्षा त्याने तापीत सोडली, तिसऱ्या दिवशी परत आला आणि चौथ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मिलमध्ये हजर झाला. लोकांनी आश्चर्य केले. कोणी त्याला कठोर म्हटले. वास्तविक तो कठोर नव्हता. घरात बसून त्याला काही वाटेनासे झाले होते, आणि मिलमध्येही काही वाटत नव्हते. परंतु मिलमध्ये निदान आवाज होता.

त्या दिवसापासून हिलालची अवस्था हातपाय बधिर झालेल्या मनुष्यासारखी झाली होती. असा मनुष्य पाय टाकतो, चालतो, पण जमीन त्याला लागत नाही. तो स्वतःच भाकरी थापी, स्वतःच डबा बांधी, रोलच्या मागे एकटा बसून जेवी. मीठ विसरले तरी त्याला ते शेवटच्या घासापर्यंत कळत नसे. कामाच्या आज्ञा तो देई, परंतु त्याहून अधिक शब्द त्याच्या तोंडून निघत नसत.

आणि कमलबाईशी तर तेवढेही नाही. तिच्याशी त्याने अबोला धरला होता. कारण एकच. आपल्याकडे कोणाचे माणूस गेले की आप्तस्वकीय, शेजारीपाजारी त्याच्या दारावर बसावयास येतात. मिलमधील सगळे येऊन गेले. हमाल लोटन आला, म्हातारी भिकुबाई काठी टेकीत आली, खुद्द रतनलाल शेठ रिक्षाने येऊन दहा मिनिटे ओट्यावर बसून गेले. कमलबाई आली नाही. जिच्या डब्यातला अर्धा घास प्रमिला रोज खात असे ती आली नाही. हिलालला याचा राग आला होता का? राग यावा इतकी धग त्याच्यात उरली नव्हती. त्याने फक्त तिच्याकडे बघणे सोडले.

कमलबाईनेही मग तोंड उघडले नाही. तिला बोलायला काय कारण नव्हते? पण ते पुढे येईल.

माणसामाणसांतले बोलणे बंद पडले म्हणजे काम त्याच दिवशी बंद पडत नाही. ते सवयीच्या बळावर पुष्कळ दिवस चालू राहते, आणि धोका नेमका तिथेच असतो. पटांगणावर ढिगाचे काम कमलबाई पाही. संध्याकाळी डब्यात गारगोट्या ती टाकी. सकाळी लोटन डबा पालथा करी, तीन निघाल्या तर ढीग उचली. मुकादमाला काही विचारायचे नाही, मुकादमाने काही सांगायचे नाही.

भिकुबाई मात्र कधी कधी मोठ्याने बोलून घेई. वयामुळे तिला कोणी अडवीत नसे.

"काय व माय! या दोन्हीस्ना तोंडले कुलूप शे. गारगोट्याच बोलतस!"

बाया हसत. कमलबाई ढिगात पाय फिरवीत पुढे जाई. हिलाल रोलकडे वळे.

मार्च महिन्यातला मंगळवार होता. माल जोरात होता, पटांगणात अकरा ढीग होते. भिंतीकडचा सातवा ढीग चाळीस पोत्यांचा, सर्वांत मोठा, आणि त्या दिवशी त्याचे दुसरे ऊन होते. दुपारी चारच्या सुमारास कमलबाईच्या शेजारचा माणूस सायकलवर आला आणि तिच्या मुलीला फणफणून ताप भरल्याचे सांगून गेला. कमलबाईने भिकुबाईच्या कानात काही सांगितले, चपला हातात घेतल्या आणि ती जवळजवळ धावतच फाटकाबाहेर पडली.

हिलालने ते रोलच्या दारातून पाहिले.

पाच वाजता बायांनी ढीग केले, ताडपत्र्या घातल्या आणि त्या गेल्या. जाण्यापूर्वी भिकुबाईने बाकीच्या दहा डब्यांत खडखड गारगोट्या टाकल्या. सातव्या ढिगाशी ती थांबली नाही. हिलालच्या ध्यानात ते आले. त्याला वाटले, कमलबाई घाईत विसरली असेल आणि म्हातारीच्या लक्षात राहिले नसेल. उद्या कोणीतरी तिला बोलेल.

प्रमिला गेल्यापासून त्याने त्या गारगोट्यांना हात लावला नव्हता. तो ढिगापर्यंत गेला. शेजारच्या गारगोट्यांच्या टोपलीतून एक उचलली. ती उन्हाने अजून कोमट होती. ती त्याने डब्यात टाकली आणि खाली वाकून न बघता तो परत फिरला. आपण काही चांगले केले असे त्याला वाटले नाही. फाटकाची कडी लावावी तसे त्याने ते केले.

डब्यात आधीच दोन होत्या. कमलबाईने जाण्यापूर्वी सातव्या ढिगाची गारगोटी टाकली होती, आणि बाकीच्या दहा तेवढ्या टाकायला तिने भिकुबाईच्या कानात सांगितले होते.

बुधवारी कमलबाई आली नाही. सकाळी लोटनने डबा पालथा केला. तीन. त्याने माणसे लावून ढीग पाण्याला घेतला. हिलालने पोती जाताना पाहिली. तीन होत्या तर तीन. बाहेर ऊन चांगलेच तापत होते, आणि त्या उन्हात अजून एक दिवस पडून राहायला हवी होती ती तूर आत सावलीत भिजत पडली.

गुरुवारी दुपारी चक्कीवरून आरडाओरडा झाला. चक्कीखाली डाळ पडत नव्हती. लालसर, टरफल चिकटलेला, ठेचलेला लगदा पडत होता. चक्की थांबविण्यात आली तोपर्यंत विसाहून अधिक पोती गेली होती, आणि उरलेल्या भिजल्या तुरीचेही आता काही होण्यासारखे नव्हते.

रतनलाल शेठचा मुलगा गौतमचंद पुण्याला कॉमर्स शिकून दोन वर्षांपूर्वी परतला होता. कारभार आता तोच बघे. त्याने मूठभर चुरी हातात घेतली, चोळली, फेकून दिली.

"किती ऊन दिलं होतं याला?"

"तीन, शेठ," लोटन म्हणाला. "डबामा तीन व्हत्यात. मी सोता मोजी."

"भरला कधी हा ढीग?"

"सोमवारे, शेठ."

गौतमचंदने स्वतः बोटांवर मोजले. सोमवार, मंगळवार. दोनच.

"गारगोटी टाकतं कोण?"

"कमलबाई."

"मंगळवारी ती लवकर गेली ना? मग गेली असेल एकदम दोन टाकून. उद्या यायचं नाही म्हणून उद्याचीपण आजच." त्याने वडिलांकडे पाहिले. "बाबूजी, असं चालणार नाही."

रतनलाल शेठ चष्मा पुशीत होते. "उन्नीस साल हो गये उस बाई को," ते हळूच म्हणाले.

"म्हणून काय झालं? चाळीस पोती गुरांच्या पेंडीला जातील. हिलालभाऊ, ती उद्या आली की तुम्ही सांगा तिला. कामावरून बंद. मुकादम तुम्ही आहात."

हिलाल शेजारीच उभा होता. तिसरी गारगोटी कुठून आली हे त्याला डब्याचे नाव निघताच कळले होते. सांगावयाचे तर त्याच क्षणी सांगावयाचे. पण त्याच्या छातीतून शब्द वर आलाच नाही. तो भ्याला असे नव्हे. विहिरीत बादली सोडावी आणि ती पाण्याला न लागता नुसतीच दोरीवर लोंबत राहावी, तसे त्याचे झाले.

"बरं," तो म्हणाला.

सायंकाळी तो घरी गेला. भाकरी थापली. तव्यावर ती करपली तेव्हा वासाने कळले. कमलबाईचा नवरा बाजार समितीत हमाल होता. सहा वर्षांपूर्वी थप्पीवरून पोते कमरेवर कोसळले, तेव्हापासून तो खाटेवर होता. घर कमलबाईच्या पायांवर चालत होते, तुरीत रेघा ओढणाऱ्या त्या पायांवर. हे सगळे हिलालला ठाऊक होते. प्रमिलानेच त्याला ते वेळोवेळी सांगितले होते. त्याने ते मनात आणून पाहिले. दुसऱ्या कोणाच्या खोलीतला दिवा खिडकीतून दिसावा तसे ते त्याला दूर दिसले. उद्या तिच्याशी चौदा महिन्यांनी पहिला शब्द बोलावयाचा आणि तो शब्द 'बंद' असा असावयाचा.

शुक्रवारी सकाळी कमलबाई इतर बायांच्या आधी येऊन पटांगणाच्या कठड्यावर बसली होती. चपला तिने काढल्या नव्हत्या. हिलाल तिच्यापासून चार हात दूर उभा राहिला.

"कमलबाई."

"बोला, भाऊ. माले बठ्ठं माहीत शे. वाटवर लोटननी सांगं." तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "तोंडनं सांगाले तुम्हलेच धाडं, हाई एक बरं करं शेठनी. त्या निमित्ते तुमना आवाज तरी ऐकाले भेटना."

हिलालने ढिगांकडे पाहिले. सातव्या ढिगाची जागा मोकळी होती, फरशीवर तेलाचा डाग उरला होता.

"ती गारगोटी मी टाकी," तो म्हणाला.

कमलबाईने त्या मोकळ्या जागेकडे पाहिले.

"मंगळवारे. तुम्ही घाईमा गयात. माले वाटनं, भुली गयात."

"मी टाकेल व्हती."

"हं."

"भिकुअक्काले सांगेल व्हतं मी." ती हसली, पण त्या हसण्याने तिचे तोंड वाकडे झाले. "चौदा महिनामा पहिली गोट सांगी तुम्ही माले, तीबी हाई!"

मिलच्या छपरावर कावळे बसले होते. आत कोणीतरी मोटारीचे बटन दाबले, पट्टा फिरू लागला. हिलालला जावयास हवे होते, पण जे बोलावयाचे त्याने ठरविले नव्हते तेच त्याच्या तोंडून बाहेर पडले.

"तुम्ही दारवर उन्यात नहीत."

कमलबाईने वर पाहिले. आपण आलो नाही हा बोल चौदा महिन्यांनी तिच्या कानी पडला होता.

"उनी व्हती, भाऊ," ती म्हणाली. "पाचवा रोजले. तुमना दारले कुलूप व्हतं."

मग तिने सांगितले ते असे. पहिले चार दिवस तिचा नवरा दवाखान्यात होता, त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. पाचव्या दिवशी त्याला घरी आणल्यावर तिने भाकरी आणि पिठले केले, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. ते फडक्यात बांधून ती हिलालच्या घरी गेली. दाराला कुलूप. ती ओट्यावर बसली. दिवेलागणीपर्यंत बसली. शेजारीण म्हणाली, तो तर कालपासून मिलमध्ये जातो, आज दुसऱ्या पाळीलाही थांबला असेल. ज्याच्या दारावर बसावयाचे तोच दारात नाही, तेव्हा रडायचे कोणाजवळ? भाकरी तिने वाटेत कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये तिने वाट पाहिली. हिलाल जवळून गेला, मान फिरवून गेला. तिला वाटले, प्रमिलासोबत आपलेही नाते याने जाळून टाकले. मग तिनेही विचारले नाही.

हिलालने ते ऐकून घेतले. त्याला ते कुलूप आठवले. पितळेचे होते, प्रमिलाने धुळ्याच्या बाजारातून आणले होते, किल्ली फिरवताना जरा वर उचलावी लागे. एवढेच त्याला स्पष्ट आठवले. आपल्याला काही वाटेल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. काही वाटले नाही. परंतु तो म्हणाला,

"चला."

"कथा जावानं?"

"शेठकडे."

पेढीवर दोघे पितापुत्र बसले होते. कमलबाई उंबऱ्याबाहेर थांबली. हिलाल आत गेला आणि उभ्या उभ्याच त्याने सांगितले की, मंगळवारी कमलबाईने एकच गारगोटी टाकली, तिच्यावर दुसरी आपण टाकली, तेव्हा चाळीस पोत्यांची चूक आपली आहे.

रतनलाल शेठनी चष्मा कपाळावर चढविला. "हिलाल, सच बोल रहा है, या बाई को बचा रहा है?"

"खरं बोलतो, शेठ."

"काल मी एवढं विचारत होतो तेव्हा का नाही बोललात?" गौतमचंद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी त्या बाईला काढायला निघालो होतो! तुम्ही 'बरं' म्हणालात."

"हो."

"आणि मंगळवारी तिला विचारायचं तरी. बुधवारी लोटनला विचारायचं. दहा पावलांवर तर असता तुम्ही सगळे. विचारलं का नाही?"

हिलालने या प्रश्नाचा खरोखरच विचार केला. न विचारण्यामागे अहंकार नव्हता, द्वेष नव्हता.

"माहीत नाही, शेठ," तो म्हणाला, आणि हे उत्तर खरे होते.

रतनलाल शेठ मुलाला म्हणाले, "गौतम, ये दोनों बात नहीं करते, तुझे मालूम था?"

"मालूम होतं," गौतमचंद म्हणाला. "सगळ्यांनाच होतं. मला वाटलं, काम तर चाललंय."

"हां. मुझे भी यही लगा." शेठनी चष्मा खाली घेतला.

हिलालचे मुकादमपण गेले. ते जाणे योग्यच होते आणि त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. लोटन मुकादम झाला, त्याला दोन दिवस ते अवघडल्यासारखे झाले आणि तो हिलालला "भाऊ, हाई करू का?" असे प्रत्येक गोष्टीत विचारू लागला. हिलालला रोलवर घालण्यात आले. कमलबाई पटांगणावर राहिली.

गौतमचंदने भिंतीवर मोठी पाटी लावण्याचे ठरविले. तारीख, ढीग, ऊन, सगळे तिच्यावर लिहिले जाईल. त्याने बायांना जमवून ते समजावून सांगितले. त्यावर कमलबाई म्हणाली, "लावा शेठ, चांगली गोष्ट आहे. पण आम्हांला वाचता येत नाही. ढीग उचलायच्या आधी मला हाक मारून विचारा, म्हणजे झालं."

"आणि तू नसलीस तर?"

"तर भिकुअक्काला विचारा. ती तर न विचारताही सांगते."

बाया खदखदून हसल्या. भिकुबाईने काठी उगारली. गौतमचंदही हसला आणि त्याने पाटी लावली, पण तिच्याखाली उभे राहून विचारण्याचाही नियम केला.

हिलाल अजून रोलमागे एकटाच जेवतो. त्याच्या घरी संध्याकाळी कोणी येत नाही, आणि प्रमिलाची आठवण आली तरी डोळ्यांत पाणी येत नाही. ज्याला आपण बरे होणे म्हणतो तसे काही त्याच्या बाबतीत घडले, असे सांगणे खोटेपणाचे होईल.

परंतु पाटी लागली त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. पाच वाजता रोल बंद झाला. हिलाल अंगावरचा भुसा झटकीत बाहेर आला. कमलबाई सातव्या जागेवरच्या नव्या ढिगाशी उभी होती, हातात गारगोटी घेऊन. ढीग लोटनचा, हिशेब तिचा. हिलालला त्यात आता काही करावयाचे नव्हते. तो सरळ फाटकाकडे जाऊ शकला असता. तो ढिगाशी थांबला.

"कितला ऊन व्हयनात?" त्याने विचारले.

"आजनं धरीसन दोन."

"बरं."

तिने गारगोटी डब्यात टाकली. मग काय वाटले कोणास ठाऊक, तिने डबा उचलून त्याच्यापुढे तळहातावर पालथा केला. दोन निघाल्या. दोघांनी त्या पाहिल्या. तिने त्या परत डब्यात घातल्या, आणि हिलाल फाटकाकडे निघाला.